पलटणीतून वॉर्डात, वॉर्डातून लिहायच्या टेबलाशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २८. सहा वर्षं पायदळात काढली, त्यातलं दीड वर्ष प्रत्यक्ष चकमकींच्या भागात. आता बाहेर पडलोय आणि डॉक्टर व्हायचं मनात आहे. पुढे संशोधनही करावंसं वाटतं, आणि लिहायची खाज तर शाळेपासूनची. वय आड येईल का? जे पाहिलं त्याचा डॉक्टर म्हणून उपयोग होतो की त्रास? आणि शेवटचं, एका सोबत्याच्या मृत्यूबद्दल लिहायचं आहे, ते आत्ता लिहू की थांबू?

मी याच रस्त्यानं आलोय. सात वर्षं पायदळ, मग वैद्यकीय शिक्षण, आता बरीच वर्षं अतिदक्षता विभाग, मधे थोडं संशोधन आणि दोन पुस्तकं. त्यामुळे उत्तर लांबणार, आणि त्यात माझे पूर्वग्रहही येणार.

वयाचं आधी उरकून टाकतो, कारण तो सगळ्यात सोपा भाग आहे. फ्रान्स्वा जाकोब पॅरिसमध्ये डॉक्टरकी शिकत होता. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं तेव्हा तो बोटीनं इंग्लंडला निसटला आणि स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती झाला. शिक्षण अर्धवट असतानाच वैद्यकीय तुकडीतून आफ्रिकेत लढाया पाहिल्या. १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत बॉम्बच्या तुकड्यांनी हात आणि पाय फोडले. व्हायचं होतं सर्जन, तो हात आता सर्जनचा राहिला नाही. १९४७ मध्ये पदवी पूर्ण केली, पण पुढे काय करायचं ते सुचेना. पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वॉफच्या दारात तो पुन्हा पुन्हा जात राहिला आणि ल्वॉफ त्याला परत पाठवत राहिला. शेवटी १९५० मध्ये ल्वॉफनं विचारलं, आम्हाला प्रोफाज जागा करायची युक्ती सापडली आहे, त्यावर काम करशील? प्रोफाज म्हणजे जिवाणूच्या आत झोपून राहिलेला विषाणू, हे जाकोबला ठाऊक नव्हतं. तो हो म्हणाला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पंधरा वर्षांनी, जनुकं चालू-बंद कशी होतात याच्या शोधासाठी, ल्वॉफ आणि त्याच संस्थेतला सहकारी जाक मोनो यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. पुढे त्यानं आठवणी इतक्या सुंदर लिहिल्या की १९९६ मध्ये फ्रेंच अकादमीनं त्याला आत घेतलं. तुम्ही २८ चे आहात. यातून काढायचा तो अर्थ काढा, फक्त नोबेल वजा करून.

खरी अडचण वयाची नसते, पाठांतराची असते. शेजारच्या बाकावरची एकोणीस वर्षांची पोरं एका रात्रीत जे डोक्यात भरतात त्याला तुम्हाला आठवडा लागेल. मला हाताच्या नसांचं, म्हणजे चेतातंतूंचं, जाळं महिनाभर जमेना. मग एके रात्री मी ते पुस्तकातून पाठ करायचं सोडलं आणि टेहळणीला जाताना जमिनीचं रेखाटन करायचो तसं काढायला बसलो. मुख्य रस्ता कुठला, फाटा कुठे फुटतो, पूल तुटला तर पलीकडचं कोणतं गाव अडकतं. तिसऱ्या कागदाला जमलं. आजही रेडियल नस म्हटलं की मला दंडाच्या हाडाला वळसा घालून गेलेला घाटरस्ताच दिसतो. आपल्याकडे काय आहे ते आधी बघा. पोरांशी त्यांच्या हत्यारानं लढू नका.

आता मुद्द्याचं. लढाईतून काय बरोबर येतं? मुलाखतीत सगळे सांगतात: धैर्य, शिस्त, शांत डोकं. पहिल्या दोन गोष्टी अर्ध्यामुर्ध्या येतात. शांत डोक्याबद्दल मला संशय आहे. माझं जे शांत डोकं म्हणून नावाजलं जायचं, ते बऱ्याचदा फक्त बधिर डोकं होतं. हे कळायला चार वर्षं गेली आणि ते कळवलं माझ्या बायकोनं, कुठल्या प्राध्यापकानं नव्हे.

उपयोगी पडते ती नोंद करायची सवय. मांडीतून रक्त उसळतंय, टूर्निकेट म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा आवळला, की पहिलं काम काय? त्याच्या कपाळावर मोठ्या अक्षरात 'टी' आणि वेळ लिहायची. पेन नसेल तर जे सापडेल त्यानं. कारण पुढचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही काय केलंत ते त्यानं पाहिलेलं नाही, आणि पाय वाचणार की जाणार हे बरंचसं त्या वेळेवर ठरतं. केसपेपर म्हणजे तरी दुसरं काय? संशोधन म्हणजे अशी हजार कपाळं एकत्र वाचणं.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. टूर्निकेट हा शेवटचा उपाय, त्यानं अवयव जातो, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. २००६ मध्ये बगदादच्या लष्करी रुग्णालयात तिथल्या सर्जननी बसून मोजलं. २३२ जखमी, ४२८ टूर्निकेट. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन रक्ताभिसरण कोसळायच्या अवस्थेत, जायच्या आधी ज्यांना तो बांधला गेला त्यांतले साधारण ९० टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर ज्यांना बांधला त्यांतले साधारण १० टक्के. बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना कुणीतरी ते फॉर्म भरत होतं, म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. त्यानंतर शिकवणीच बदलली.

ही रीत जुनी आहे. सोळाव्या शतकात आंब्रोआज पारे नावाचा तरुण जर्राह फ्रेंच सैन्याबरोबर इटलीत होता. गोळीच्या जखमेत विष असतं या समजुतीनं त्या काळी जखमेत उकळतं तेल ओतत. एका संध्याकाळी तेल संपलं. त्यानं अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन कालवून उरलेल्यांना लावलं. रात्रभर त्याला झोप नाही, सकाळी आपण मारलेली माणसं बघावी लागणार म्हणून. पहाटे उठून गेला तर तेलवाले तापानं फणफणलेले, जखमा सुजलेल्या. कालवणवाले मात्र रात्र बऱ्यापैकी झोपलेले. १५४५ मध्ये त्यानं हे छापलं, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नाही, साध्या फ्रेंचमध्ये. मला त्या पहाटेच्या फेरीचं फार अप्रूप आहे. अपराधी वाटत असताना उठून बघायला जाणं. आपल्यातले पुष्कळ जण बघायला जात नाहीत.

आता काय आड येतं ते. याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून इथे जास्त जागा घेतो.

पहिलं, झटपट निर्णय. लढाईत उशिरा घेतलेल्या बरोबर निर्णयापेक्षा वेळेत घेतलेला बरा निर्णय चालतो. वॉर्डात हीच सवय माणूस मारते. माझ्या रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी रात्री दोनला एक चाळिशीची बाई आली. जोरजोरात श्वास, हातांना मुंग्या, सोबत घाबरलेला नवरा, संध्याकाळी घरात भांडण झालेलं. तीस सेकंदांत मी ठरवलं: घबराट. धीर दिला, बाजूच्या खाटेवर झोपवलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. माझे वरिष्ठ राउंडला आले, काही न बोलता तिच्या तोंडाशी वाकले आणि मला म्हणाले, "वास घे." पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास. साखर तपासली, ती पाचशेच्या वर होती. रक्तात आम्ल साठलेलं. श्वास घाबरून चाललेला नव्हता, शरीर ते आम्ल बाहेर टाकायला धडपडत होतं. ती वाचली. सरांनी मला ओरडा दिला नाही. केसपेपरवर मी लिहिलेल्या 'घबराट' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि शेजारी वेळ घातली, त्या वेळेपर्यंत मी काय मानत होतो हे दिसावं म्हणून. तो शब्द खोडू दिला नाही.

दुसरं, तुलना. हा आपला खास आजार आहे. मूतखड्यानं तळमळणारा माणूस समोर ओरडतोय आणि तुमच्या मनात येतं, गुडघ्याखाली पाय गेलेला पोरगा माझ्या मांडीवर होता, तो इतका ओरडला नव्हता. तोंडानं बोलला नाहीत तरी चेहरा बोलतो, आणि पेशंटला तो कळतो. मला यातून बाहेर काढलं हेन्री बीचरच्या कामानं. बीचर भूलतज्ज्ञ, १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर होता. त्यानं गंभीर जखमी सैनिकांना थेट विचारलं: दुखतंय का, वेदनाशामक हवं का? २१५ जणांची ही पाहणी १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांशांना औषध मागण्याइतकी वेदना नव्हती. पुढे नागरी रुग्णालयात, सर्जननं नीट कापून शिवलेल्या लहान जखमांसाठी, लोक त्याहून कितीतरी जास्त वेळा औषध मागताना त्याला दिसले. त्याचं म्हणणं असं, की जखम किती मोठी यापेक्षा तिचा अर्थ काय हे महत्त्वाचं. सैनिकासाठी जखम म्हणजे सुटका, घरी जायचं तिकीट. दुकान चालवणाऱ्या माणसासाठी ऑपरेशन म्हणजे संकट. तेव्हा माझ्या मांडीवरचा पोरगा जास्त शूर नव्हता आणि मूतखड्यावाला रडका नाही. दोघांची दुखणीच निराळी. हे समजल्यावर मी दुखण्याला मार्क द्यायचं थांबवलं.

याच्याच जवळचा एक प्रसंग आर्ची कॉक्रनचा. हा स्पेनच्या यादवीत रुग्णवाहिका पथकात होता, नंतर ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर म्हणून १९४१ मध्ये क्रीटवर जर्मनांच्या हाती लागला. जर्मनीतल्या एका छावणीत रात्री एक सोव्हिएत कैदी आणला गेला, मरणाच्या दारात, सारखा किंचाळणारा. वॉर्ड जागा होऊ नये म्हणून कॉक्रननं त्याला आपल्या खोलीत ठेवलं. तपासलं, फुप्फुसाच्या आवरणाला सूज, दुखणं त्याचंच असणार. मॉर्फिन नाही. ॲस्पिरिन दिलं, काही उपयोग नाही. रशियन जेमतेम येतं. शेवटी काहीच सुचेना म्हणून त्या माणसाला त्यानं कवेत घेतलं. किंचाळणं थांबलं. काही तासांनी तो शांतपणे गेला. त्याला छळत होतं ते एकटेपण, छातीचं दुखणं नव्हे, हे कॉक्रनच्या लक्षात आलं आणि आपलं निदान चुकलं याची त्याला इतकी लाज वाटली की ही गोष्ट त्यानं बराच काळ कुणाला सांगितली नाही.

तिसरं, आवाज. पलटणीत हुकूम सोडला की काम होतं. वॉर्डात सिस्टरवर हुकूम सोडलात की ती काम करेल, पण पुढच्या वेळी तुमची चूक दिसली तरी गप्प राहील. एवढं सांगितलं की पुरे.

चौथं, शरीर. शस्त्रक्रियेच्या पोस्टिंगला पहिल्याच आठवड्यात कॉटरी, म्हणजे रक्तवाहिन्या जाळून बंद करायचं उपकरण, चालू झाली आणि जळक्या मांसाचा तो वास नाकात गेला. मी हात धुऊन, गाऊन चढवून, रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा. पुढचं आठवतं ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर भिंतीला पाठ लावून बसलेला मी. थिएटरच्या जुन्या सिस्टर बाहेर आल्या, विचारपूस काही केली नाही, मास्कच्या आत नाकाखाली थोडा पुदिन्याचा मलम लावला आणि म्हणाल्या, "चला, रिट्रॅक्टर दुसऱ्यानं धरलाय, तुम्ही सक्शन धरा." सक्शन धरलं की धूर तुमच्याच हातानं ओढला जातो, वास कमी होतो, आणि हाताला काम राहतं. असे पन्नास उपाय दवाखान्यातल्या जुन्या माणसांना माहीत असतात. विचारा.

पण मलमानं सगळं भागत नाही. झोप उडत असेल, आवाजानं दचकायला होत असेल, राग कारणापेक्षा मोठा येत असेल, तर प्रवेश घेण्याआधीच उपचार सुरू करा. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं १९१५ मध्ये, तोफांच्या माऱ्यात मन खचलेल्या सैनिकांसाठी, 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला आणि १९८० मध्ये आघातोत्तर तणावाचं निदान अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात शिरलं. मधल्या पासष्ट वर्षांत कितीतरी माणसांना भित्री म्हणून हिणवलं गेलं. आज यावर चांगले उपचार आहेत. आपण मात्र स्वतःला डॉक्टर समजून ते टाळतो. मी टाळले, आणि त्यात तीन वर्षं आणि एक जिवलग मित्र गमावला. आणखी एक करा: विभागातल्या निदान एका माणसाला खरं काय ते सांगून ठेवा. सगळ्यांना सांगायची गरज नाही.

आता संशोधन. कॉक्रनकडेच परत येतो. सलोनिकाच्या छावणीत कैद्यांचे पाय गुडघ्याच्या वरपर्यंत सुजायला लागले. अन्न तुटपुंजं, औषधं नाहीत, मदत करायची जर्मनांची इच्छा नाही. त्यानं वीस तरुण कैदी घेतले, आकडे म्हणायला लावले, विषम एका खोलीत आणि सम दुसऱ्या. एका खोलीला यीस्ट, दुसरीला क जीवनसत्त्व. लघवी मोजायला पुरेशी भांडी नव्हती, म्हणून किती वेळा जातात एवढंच लिहायचं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी थोडी आशा. चौथ्या दिवशी यीस्टच्या खोलीत फरक स्पष्ट दिसला. वही घेऊन तो जर्मनांकडे गेला आणि यीस्ट मिळालं. चाळीसेक वर्षांनी त्यानं यावर लिहिलं तेव्हा आपला पहिला, सगळ्यात वाईट आणि सगळ्यात यशस्वी प्रयोग अशी त्याची ओळख करून दिली. आपण तपासलेला तर्कच चुकीचा होता हेही त्यानं सांगून टाकलं. प्रत्येक उपचार असाच तपासून घ्यावा, हे म्हणणं घेऊन तो पुढे आयुष्यभर भांडत राहिला. हल्ली आपण ज्याला पुराव्यावर आधारित वैद्यक म्हणतो त्याचा मोठा धागा त्या दोन खोल्यांतून निघतो.

यावरून माझा सल्ला: मोठा प्रश्न शोधत बसू नका. जे तुम्हाला खुपतं ते मोजा. मला खुपायचे ते अतिदक्षता विभागातले अलार्म. प्रत्येक 'टिंग'ला मी खुर्चीतून उठायचो, सिस्टर मान वर करत नसत. आधी वाटलं दोष माझा. मग एका वहीत रेघा ओढायला लागलो: अलार्म वाजला, कुणी काही केलं की नाही. दोन आठवड्यांत वही भरली. बहुतेक अलार्मांवर कुणी काहीच करत नव्हतं, करायची गरजही नव्हती. सुटलेली तार, हललेलं बोट. पण त्या गदारोळात खरा अलार्मही बुडत होता आणि पेशंटची झोप उडत होती ती वेगळीच. माझा पहिला शोधनिबंध तिथून आला. माझं दचकणं हा आजार होता हे खरंच. पण त्या खोलीत तो आवाज ऐकू येणारा मी एकटाच उरलो होतो.

उपकरणांची वाट बघू नका. सान्तियागो रामोन इ काहाल तरुणपणी सैन्याचा डॉक्टर म्हणून क्युबाच्या लढाईत गेला आणि मलेरियानं पोखरून परत आला. तिथल्या पगारातून साठलेल्या पैशांत त्यानं स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला आणि घरीच काम सुरू केलं. चेतापेशी सुट्या-सुट्या असतात हे त्यानं पाहिलं, पाहिलेलं हातानं रेखाटलं, स्वतःच्या खर्चानं नियतकालिक काढून छापलं. १९०६ चं नोबेल गॉल्जीबरोबर वाटून घेतलं, आणि तोवर 'डॉक्टर बॅक्टेरिया' या टोपणनावानं कथाही लिहून झाल्या होत्या.

लिहिण्याबद्दल. सायलस वेअर मिचेल हा अमेरिकेच्या यादवीत फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात नसांच्या जखमा बघणारा डॉक्टर. गेलेल्या अवयवाच्या जागी दुखतं, याला 'फँटम लिम्ब' हे नाव त्यानंच दिलं. पण वैद्यकीय लेखाच्या आधी, १८६६ मध्ये, त्यानं यावर एक कथा निनावी छापली: चारही अवयव गमावलेला सैनिक स्वतःची हकीकत सांगतोय. वाचकांना ती खरी वाटली, लोकांनी त्या कल्पित माणसासाठी पैसे पाठवले. लिहिण्याची ताकद ती हीच, आणि धोकाही हाच. हाच मिचेल पुढे थकलेल्या, खचलेल्या बायकांना सक्तीची विश्रांती लिहून द्यायचा. त्यातल्या शार्लट पर्किन्स गिलमनला तर त्यानं पेन हाती धरू नकोस असं बजावलं. तिनं धरलं आणि १८९२ मध्ये त्या उपचारावरच एक कथा छापली. मिचेलच्या कादंबऱ्या आज कुणी वाचत नाही. तिची कथा वाचतात.

पेशंटबद्दल लिहायचं तर परवानगी घ्या, ओळख पुसा, आणि त्याच्या नातेवाइकानं ते वाचलं तर तुम्ही त्याच्याकडे बघू शकाल का हे स्वतःला विचारा. नुसतं नाव बदललं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही.

आणि तुमच्या सोबत्याचं. आत्ता लिहा, छापू नका. आठवण शिळी व्हायच्या आत कागदावर उतरवा, वर तारीख घाला, खणात ठेवा. छापायची वेळ आली की आधी त्याच्या घरच्यांना दाखवा. मी माझ्या मित्राबद्दल लिहिलेली नऊ पानं अकरा वर्षांनी त्याच्या थोरल्या भावाला नेऊन दिली. त्यात एक वाक्य होतं, मी त्याच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं आणि नाडी बघितली. त्या वाक्यावर मी कितीतरी वेळा हात फिरवला होता, पानांतलं ते मला सगळ्यात खात्रीचं वाटायचं. भावानं सगळं वाचलं, पाणी प्याला आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे. पण तो डावखुरा होता. घड्याळ उजव्या हातात घालायचा."

मग मी मनगट कुठलं धरलं होतं? वाक्य मी ठेवलं. 'डाव्या' हा शब्द काढला.